वर्गाबाहेर गेलेला डार्विन

धर्मसंस्थेचे कॉलेज आणि उत्क्रांतीचा धडा यांच्या भांडणाचा विषय निघाला की बहुतेकांना अमेरिकेतले टेनेसी राज्य आठवते. तिथे १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकावर गाजलेला खटला चालला. त्याआधी ४३ वर्षे बैरुतमध्ये हेच भांडण अरबी भाषेत होऊन गेले होते. मी भाषांतरे करते, म्हणून मला बैरुतची गोष्ट अधिक जवळची वाटते. तिथे डार्विनइतकीच एक भाषाही पणाला लागली होती.

अमेरिकन मिशनऱ्यांचे सीरियन प्रोटेस्टंट कॉलेज १८६६ साली अवघ्या १६ विद्यार्थ्यांवर सुरू झाले. आज आपण त्याला अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरुत म्हणून ओळखतो. सुरुवातीला तिथले शिक्षण, अगदी वैद्यकाचेसुद्धा, अरबीतून होत असे. कॉर्नेलियस व्हॅन डाइक हे तिथले डॉक्टर-मिशनरी. बायबलचे अरबी भाषांतर पूर्ण करणारा हाच माणूस रसायनशास्त्राची आणि खगोलशास्त्राची अरबी पाठ्यपुस्तके लिहीत होता. त्यांचे दोन विद्यार्थी, याकूब सर्रूफ आणि फारिस निम्र, पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागले. १८७६ साली त्यांनी 'अल-मुक्ततफ' हे मासिक काढले. नावाचा अर्थ 'वेचक'. विज्ञानातले नवे जे काही असेल ते अरबी वाचकाच्या हाती द्यायचे, हा त्यांचा उद्योग.

१९ जुलै १८८२ रोजी, पदवीदान समारंभात, रसायन आणि भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एडविन लुईस यांनी अरबीत भाषण केले. विषय होता ज्ञान, विज्ञान आणि शहाणपण यांतला फरक. वैज्ञानिक पुरावे कसे गोळा करतो, तर्क कसा बांधतो, हे सांगताना त्यांनी डार्विनचे उदाहरण दिले. डार्विनला जाऊन त्या दिवशी बरोबर तीन महिने झाले होते. लुईस स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि विज्ञानाच्या वर शहाणपणाला जागा ठेवूनच बोलले होते. तरी नाव उच्चारले गेले ते गेलेच. कॉलेजचे अध्यक्ष डॅनियल ब्लिस अस्वस्थ झाले.

भाषण 'मुक्ततफ'मध्ये छापून आले. बैरुतच्या धर्मशास्त्र विद्यालयातले जेम्स डेनिस यांनी त्याला तिथेच उत्तर दिले, आणि लुईस यांनी त्यावर प्रत्युत्तर. वाद दोन अमेरिकनांचा, पण चालला अरबीत, अरबी वाचकांसमोर. निकाल मात्र न्यूयॉर्कला लागला. तिथल्या विश्वस्तांनी लुईस यांचा राजीनामा स्वीकारला.

वैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. त्यांत जुर्जी झैदान होता, जो पुढे कैरोला जाऊन 'अल-हिलाल' मासिकाचा संस्थापक झाला. व्हॅन डाइक कॉलेज सोडून गेले. त्यांचा मुलगा विल्यम तिथेच शिकवीत असे, तोही गेला. बैरुतच्या रस्त्यांवरल्या कुत्र्यांवर त्याने लिहिलेला निबंध डार्विनने आपली टीप जोडून लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीकडे पाठवला होता. डार्विनच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी तो तिथे वाचला गेला. उरलेल्या प्राध्यापकांना यापुढे धर्मनिष्ठेच्या जाहीरनाम्यावर सही करणे भाग पडले. १८८४ साली सर्रूफ आणि निम्र यांची नोकरी गेली, आणि ते मासिक घेऊन कैरोला निघून गेले.

याच काळात कॉलेजने अरबी सोडून इंग्रजी धरली. ही बदलाची हालचाल लुईसप्रकरणाच्या आधीच सुरू झाली होती, त्यामुळे सगळा दोष त्या भाषणावर टाकता येणार नाही. पण ज्यांना अरबीतून विज्ञान शिकवता येत होते तेच नेमके बाहेर पडले, आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना अरबी येत नव्हती. मग उरलेला निर्णय सोपा झाला.

वर्ग बंद झाला तरी शब्द घडवण्याचे काम थांबले नाही, ते मासिकांत गेले. याच कॉलेजातून डॉक्टर झालेल्या शिबली शुमय्यिल यांनी १८८४ साली डार्विनवरची ब्यूख्नर या जर्मन लेखकाची व्याख्याने अरबीत आणली. 'ओरिजिन'ची पहिली पाच प्रकरणे इस्माईल मझहर यांच्या भाषांतरातून १९१८ साली आली. म्हणजे मूळ पुस्तकानंतर ५९ वर्षांनी.

अरबीत रुळलेला एक शब्द म्हणजे 'इर्तिका'. उर्दूनेही तो घेतला. त्याचा अर्थ वर चढणे, आणि आपल्या ओळखीची 'तरक्की' त्याच धातूची. मराठीतला 'उत्क्रांती'ही वरच पाऊल टाकतो. संस्कृतात मात्र हा शब्द प्राण देहातून निघून जाण्यासाठी होता. बंगालीने वेदान्ताच्या 'विवर्ता'शी नाते सांगणारा 'बिबर्तन' घेतला, हिंदीने 'विकास'. जीव पायरीपायरीने वर चढतात असे डार्विन म्हणत नव्हता. परिस्थितीत जे टिकते त्याचा वंश वाढतो, एवढेच त्याचे म्हणणे. आपल्या शब्दांत मात्र धर्माचा किंवा प्रगतीचा जुना वास राहिला आहे. तो काढायचे काम शब्दकोशाला जमत नाही. त्यासाठी फळ्यापुढे उभा राहून 'या शब्दाला फसू नका' असे सांगणारा शिक्षक लागतो.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातून उत्क्रांती गेली, आनुवंशिकता राहिली. कारण दिले गेले ते अभ्यासाचा भार कमी करण्याचे. १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना तो वर्गात कधी भेटणार नाही. इथे कुणाचा राजीनामा नाही, कुणाचे भाषण नाही, त्यामुळे बहिष्काराचे निमित्तही नाही. बैरुतच्या मुलांना निदान ठाऊक होते की आपल्याकडून काय काढून घेतले गेले.