मैदान कुणाचं? जिमखान्यापासून लोट्याच्या सड्यापर्यंत

डिस्क गोल्फ हा शब्द लोट्यात फारसा कुणी ऐकला नसेल. खेळ सोपा आहे. फ्रिस्बीसारखी चकती हाताने फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पोहोचवायची. नियम गोल्फचे, पण त्यासाठी महागड्या काठ्या लागत नाहीत आणि कातरलेली हिरवळही लागत नाही. झाडं, चढउतार, खडक असले तर उलट मजा वाढते.

मला या खेळापेक्षा त्याचा इतिहास जास्त बोलका वाटतो. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत एड हेड्रिक नावाचे गृहस्थ होते. १९७५ साली कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. सुरुवातीला लक्ष्य म्हणून साधे खांब होते, साखळ्यांची टोपली नंतर आली. ही जागा सार्वजनिक बाग होती, हे इथे महत्त्वाचं. पुढे अमेरिकेत, फिनलंडमध्ये हा खेळ पसरला तो बराचसा याच वाटेने. गावातले चार खेळाडू एखादा पडीक कोपरा हेरतात, नगरपालिकेकडे परवानगी मागतात, वर्गणी काढतात आणि स्वतः झुडपं तोडून वाट करतात. म्हणूनच आजही बहुतेक कोर्सवर खेळायला पैसे पडत नाहीत. आधी जागा मिळाली, तिला राखणारी माणसं मिळाली, मग खेळ वाढला.

ही परदेशातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवू नका. जागेचा हाच झगडा मुंबईत त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी झाला होता.

१८४८ मध्ये पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. त्यांची मैदानं म्हणजे किल्ल्याबाहेरची मोकळी एस्प्लनेड. १८७५ मध्ये गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना उभा राहिला. त्यांचे सभासद त्याच सार्वजनिक मैदानावर पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी क्रिकेटची जमीन उखडू लागली. पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. कधी पोलो हलवायचा हुकूम निघाला, कधी तो पुन्हा फिरवला गेला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात हा सगळा लढा नोंदवून ठेवला आहे. अखेर समुद्रकाठी भराव घातलेल्या जमिनीवर पारशांना जिमखान्यासाठी स्वतंत्र जागा मिळाली.

मग मुसलमानांनी मागणी केली. पुढाकार बद्रुद्दीन तय्यबजींचा होता. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, इंग्लंडचे माजी कर्णधार. पारशांना जागा दिल्यावर मुसलमानांना नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. इस्लाम जिमखाना उभा राहिला, पाठोपाठ हिंदू जिमखाना. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना हे तिन्ही एका ओळीत दिसतात.

या जिमखान्यांनी आपल्याला खूप दिलं. नियमित सराव, खेळपट्टीची निगा, गरीब पोराला कुणीतरी पाहील अशी जागा. १९१२ मध्ये मुस्लिम संघ मुंबईच्या स्पर्धेत उतरला आणि तिरंगी सामने चौरंगी झाले. पण मैदानांची वाटणी जातधर्मावर झाली होती, तशीच संघांचीही झाली. १९४० मध्ये गांधीजींनी जातीय क्रिकेटला उघड विरोध केला आणि १९४५-४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली.

मैदानाची आणखी एक बाजू पाळवणकर बाळूंच्या आयुष्यात दिसते. आडनावावरूनच कोकणचे. पुण्यात ते आधी खेळपट्टीवर रोलर फिरवत, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तरी क्लबात या दलित खेळाडूला चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. ज्याने मैदान राखलं, त्यालाच मैदानाच्या घरात जागा नव्हती. मुंबई-पुण्याच्या या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो: जागा मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाल्यावर तिचं फाटक कुणासाठी उघडं आहे हे विचारावं लागतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. लोट्यापासून घाट उतरून चिपळूणकडे गेलं की वाशिष्ठीकाठी कालुस्ते लागतं. गुलाम परकार यांचा जन्म तिथला. १९८१-८२ च्या रणजी हंगामात बंगालविरुद्ध त्यांनी गावस्करांबरोबर ४२१ धावांची सलामी दिली आणि १९८२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी खेळले. पण हे नाव झालं मुंबईकडून खेळून. आपल्याकडे गुणी पोरांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती मैदानांची.

लोट्यात कारखाने आले, रोजगार आला, महामार्ग रुंद झाला. कातळाचा सडा मात्र तुकड्यातुकड्यांनी कुंपणाआड जातोय. भातकापणीनंतर मळ्यात टेनिस बॉलचे सामने होतात, मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी आणि आखातातून सुट्टीवर आलेले भाऊ बक्षिसाची रक्कम देतात. बक्षीस दुसऱ्या दिवशी संपतं. मळा पावसात पुन्हा नांगरला जातो. आणि या सामन्यांत आपल्या मुली कुठे असतात? फार तर घराच्या पडवीतून बघत.

म्हणून मला डिस्क गोल्फ सुचतो. सपाट खेळपट्टी नको, अकरा माणसं नकोत, गुरं चरायची बंद करायला नकोत. बहिणी-बहिणी, बाप-लेक, शाळेतल्या मैत्रिणी दोघी-तिघी मिळून खेळू शकतात. पावसाळ्यात निसरड्या कातळावर जमणार नाही, हे खरं. पण आठ महिने हातात आहेत. नऊ टोपल्या वेल्डिंगवाल्याकडूनही बनवून घेता येतील. हा खेळ नको वाटला तर कबड्डी घ्या, खो-खो घ्या. जागा मात्र सगळ्या गावाची हवी, एकट्या मोहल्ल्याची किंवा एकट्या वाडीची नको.

ग्रामपंचायत कायद्यात खेळ आणि करमणुकीच्या जागांची सोय हे पंचायतीचंच काम सांगितलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी जो निधी काढावा लागतो, त्यात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षणही बसतं. मागायला कुणीतरी उठायला हवं, तय्यबजी उठले होते तसं. जमातीच्या मंडळींनी आणि वाडीच्या गावकऱ्यांनी एकाच अर्जावर सह्या कराव्यात. १ मेच्या ग्रामसभेला चाकरमानीही गावात असतात. विषय तिथेच मांडूया.