नवे राष्ट्र, जुने साचे : गिरणगावच्या बोनसची कहाणी

१/ जानेवारी १९४९ च्या प्रारंभी काश्मीरमध्ये युद्धविराम झाला आणि १९६५ साली भारत-पाकिस्तान पुन्हा समोरासमोर आले. या दोन युद्धांमधल्या काळात नवस्वतंत्र राष्ट्राच्या उभारणीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न करी रोड, लालबाग, परळच्या चाळींत ‘बोनस’ या एका शब्दात सामावला होता. त्याविषयी हा धागा.

२/ फाळणीने जमीन विभागली, तसा एक उद्योगही विभागला. अखंड हिंदुस्थानातील बहुतेक सर्व कापडगिरण्या भारतात राहिल्या. पण सिंध आणि पश्चिम पंजाबातील लांब धाग्याचा उत्तम कापूस पाकिस्तानात गेला. साचे इकडे, कापूस तिकडे.

३/ सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. त्यापाठोपाठ भारताने रुपयाचे मूल्य सुमारे ३० टक्क्यांनी उतरवले. पाकिस्तानने मात्र आपला रुपया तसाच ठेवला. त्यांच्या १०० रुपयांना आता आपले १४४ रुपये मोजावे लागणार होते. भारताने हा दर मानला नाही आणि दोन्ही देशांतला व्यापार जवळजवळ ठप्प झाला. फेब्रुवारी १९५१ च्या करारापर्यंत ही कोंडी कायम होती.

४/ यंत्रांची अवस्थाही बिकट होती. दुसऱ्या महायुद्धात गिरण्या अहोरात्र चालल्या. नफा भरपूर झाला, पण यंत्रे झिजली. ती बदलण्यासाठी परकीय चलन हवे होते, आणि अवमूल्यनामुळे डॉलर महागला होता. ‘आधी यंत्रे, मग वाटप’ असे मालक म्हणत. कामगाराचे उत्तर होते की, युद्धकाळातला तो नफा आमच्याच रात्रपाळ्यांतून आला.

५/ १९४९ सालासाठी औद्योगिक न्यायालयाने ठरवलेला बोनस आदल्या वर्षापेक्षा कमी होता. तोही महागाई भत्ता वगळून, केवळ मूळ पगारावर. समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संपाची हाक दिली. १४ ऑगस्ट १९५० रोजी, स्वातंत्र्याच्या तिसऱ्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, सुमारे दोन लाख कामगारांनी काम थांबवले.

६/ येथे राजकीय पेच होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला होता, आणि तो काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. संप ज्यांनी पुकारला त्यांना बोलणी करण्याचा अधिकार नव्हता. ज्यांना तो होता, त्यांचा संपाला विरोध होता. कायद्याच्या दृष्टीने संप बेकायदा ठरला.

७/ तब्बल ६३ दिवस भोंगे वाजले, पण पाळ्या भरल्या नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यास संप मागे घ्यावा लागला. कामगारांच्या हाती काही लागले नाही. कालपर्यंत परकीय सत्तेविरुद्ध एकाच मोर्चात चालणारे काँग्रेसजन आणि समाजवादी आता एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना उभे होते.

८/ मात्र याच १९४९ च्या बोनसच्या वादातून १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून आधी घसारा, मग यंत्रांच्या पुनर्वसनाची तरतूद, कर, भांडवलावर ६ टक्के परतावा. हे सर्व वजा करून काही उरले तर त्यात कामगाराचा वाटा. बोनस ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे मान्य झाले. पण रांगेत यंत्र पहिले, भांडवल त्यानंतर आणि माणूस शेवटी, हेही ठरून गेले.

९/ ही रांग बदलायला पंधरा वर्षे लागली. १९६१ साली नेमलेल्या मेहेर आयोगाच्या शिफारशींनंतर बोनस प्रदान अधिनियम आला. तोटा झाला तरी किमान ४ टक्के बोनस द्यावाच लागेल, असे त्याने ठरवले. २३ सप्टेंबर १९६५ ला युद्ध थांबले आणि २५ सप्टेंबरला या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

१०/ एकाच प्रातिनिधिक संघटनेचा नियम मात्र टिकला. १९८१ च्या दिवाळीत पुन्हा बोनसवरूनच असंतोष पेटला आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सार्वत्रिक संप सुरू झाला. त्याच्या मागण्यांत १९४६ चा तो कायदा रद्द करा, ही मागणीही होती. करी रोडच्या पुलावरून आज डिलाईल रोडकडे पाहिले तर गिरण्यांच्या जागी मनोरे दिसतात. संपाने गिरण्या बुडवल्या, असे म्हणणे सोपे आहे. परंतु दोन लाख कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, हा १९५० चा प्रश्न तेव्हाच सुटला असता, तर १९८२ कदाचित वेगळे घडले असते.