डाग पडलेले दात किडत का नव्हते?

टूथपेस्टच्या ट्यूबवर 'फ्लोराइड' हा शब्द सगळ्यांनीच वाचलाय. पण तो तिथे पोहोचला कसा? आजची गोष्ट त्याचीच.

साल १९०१. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रॅक्टिस सुरू करतो. बघतो तर काय, तिथेच जन्मलेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग! पुढे जी. व्ही. ब्लॅक हे नावाजलेले दंतवैद्य त्याच्या जोडीला आले. दोघांना एक विचित्र गोष्ट दिसली: हे डागाळलेले दात सहसा किडत नव्हते.

मॅकेचा संशय पाण्यावर होता, पण पुरावा हाती लागेना. तो मिळाला थेट १९३१ मध्ये. आर्कान्सातल्या बॉक्साइट गावातल्या मुलांचे दातही असेच डागाळले होते. आल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे केमिस्ट एच. व्ही. चर्चिल यांनी तिथलं पाणी तपासलं आणि त्यात भरपूर फ्लोराइड निघालं.

मग प्रश्न उरला, किती चालेल? सरकारी डॉक्टर ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या पाण्याची आणि मुलांच्या दातांची तुलना केली. उत्तर आलं: लिटरला साधारण १ मिलिग्रॅम. तेवढ्यात कीड कमी होते आणि ठळक डागही पडत नाहीत. २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. त्यानंतर तिथे जन्मलेल्या मुलांमध्ये दातांची कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली.

गंमत म्हणजे, उपाय लागू पडला तरी त्याचं कारण तेव्हा अर्धवटच कळलं होतं. फ्लोराइड पोटात गेल्यावर दात घडतानाच पक्के होतात, असं मानलं जायचं. नंतर समजलं की खरं काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं. दातांवरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि दातातलं कॅल्शियम झिजत जातं. प्लाकमध्ये आणि लाळेत थोडं फ्लोराइड असेल तर ही झीज मंदावते, गेलेलं खनिज परत बसायला मदत होते. म्हणूनच रोज दोनदा ब्रश करायचा.

आता आपल्याकडचं बघा. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे प्रश्न उलटा आहे: दातांवर डाग, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर हाडंही दुखावतात. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. त्यामुळे 'फ्लोराइड चांगलं की वाईट' असं विचारण्यात अर्थ नाही. किती आणि कुठे, ते विचारा.

घरात लहान मूल असेल तर तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी. आणि थुंकायला शिकवा! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.