उष्ट्या नळीची साक्ष

आपल्याकडे तंबाखूचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी थेट दरबारात जाते. असद बेगाने विजापुराहून तंबाखू नेली आणि १६०४च्या सुमारास ती जडावाच्या नळीसह अकबरापुढे ठेवली, ही हकीकत अनेकांना तोंडपाठ असते. पुढे येतात बिदरी हुक्के. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर चांदीची जडणघडण आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळाभोर रंग. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात अशी भांडी आहेत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येही आहेत. बूड गोल असेल तर सतराव्या शतकाकडचे आणि घंटेसारखे पसरट असेल तर अठराव्या शतकाचे किंवा त्यानंतरचे, असा ढोबळ ठोकताळा संग्राहक सांगतात. भांड्याची कुळी लागते. निखारा फुलवून हुक्का धन्यापुढे धरणाऱ्या हुक्काबरदाराची लागत नाही.

म्हणून मला या विषयात रस वाटला तो दुसऱ्याच एका वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे इंग्लंड-हॉलंडमधला पांढऱ्या मातीचा पाइप. तो गरिबाचा होता, स्वस्त होता, चटकन मोडत होता आणि मोडला की लोक तो उकिरड्यावर फेकून देत होते. थेम्सच्या ओहोटीत चिखलातून त्याचे तुकडे आजही निघतात. ज्या वस्तूला कोणी जपले नाही तीच आज इतिहासकाराला तारखा पुरवते!

त्याची ओळख पटवायची रीत अशी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखू महाग होती, म्हणून पाइपची वाटी इवलीशी असे. इतकी लहान, की पुढच्या काळात शेतात सापडलेल्या अशा वाट्यांना लोक पऱ्यांचे पाइप म्हणू लागले. तंबाखू स्वस्त झाली तशी वाटी मोठी होत गेली. वाटीखालच्या टाचेवर कारागिराची अक्षरे किंवा खूण असते. हॉलंडमधल्या गौडा गावात पाइपवाल्यांचा संघ १६६० साली स्थापन झाला. तिथल्या साधारण प्रतीच्या मालावर गावाच्या चिन्हावर ‘एस’ अक्षर उमटवीत, म्हणजे हलका माल. हलक्या मालावर हलकेपणाचा शिक्का मारण्याची हौस जगात सगळीकडे दिसते. पण तिथे शिक्का मालावर होता, जन्मावर नव्हता, हा फरक लहान नाही.

खूण नसलेली नुसती नळी सापडली तर? अमेरिकेतील पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. नळीचे भोक काळाबरोबर बारीक होत गेले आहे. १६२० ते १६५० या काळात ते बहुधा एक अष्टमांश इंच असते, आणि १७५० ते १८०० मध्ये त्याच्या निम्मे. नळ्या लांब होत गेल्या, म्हणून आत घालायची तार बारीक करावी लागली, असे याचे कारण सांगितले जाते. भोक मोजायला छिद्र पाडण्याच्या गिरमिटाची पाती पुरतात. १९६२ साली लुइस बिनफर्ड यांनी याचे गणिती सूत्र केले. मात्र एकट्या तुकड्यावरून काही ठरत नाही. पुष्कळ तुकडे हवेत. अठराव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या मालाला तर हे गणित लागूच पडत नाही. ओल्या मातीची वळी करणारे आणि त्यात तार सरकवणारे हात पुष्कळदा बायकांचे नि पोरांचे असत. टाचेवर अक्षरे मात्र बहुधा घरधन्याची.

आता एक साल लक्षात ठेवण्यासारखे आहे, १६१९. याच साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने पाइप करणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. हा तोच राजा, ज्याने १६०४ साली तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावरची जकात पौंडामागे दोन पेन्सवरून सहा शिलिंग दहा पेन्सवर नेली. आणि याच १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पळवून आणलेली आफ्रिकी माणसे उतरवली गेली. पुढे तंबाखूच्या मळ्यांत राबली ती त्यांच्यासारखीच माणसे. लंडनच्या गुत्त्यात पांढरा पाइप जितका स्वस्तात भरला जात होता, तितकी व्हर्जिनियात काळ्या माणसाची पाठ वाकत होती. संग्राहकांच्या सचित्र ग्रंथांत हा दुवा मला अभावानेच दिसला.

त्या मळ्यांच्या मुलखात स्थानिक तांबूस मातीचेही पाइप सापडतात. त्यांवर ठिपक्याठिपक्यांची नक्षी असते आणि कधी त्या ठिपक्यांत पांढरा रंग भरलेला असतो. ही नक्षी आफ्रिकी हातांची, असे मत १९८०च्या दशकात पुढे आले. नंतर इतरांनी तिचे मूळ तिथल्या आदिवासींकडे दाखवले. वाद मिटलेला नाही. मला वाटते, शेजारीशेजारी भरडल्या गेलेल्या दोन समाजांनी एकमेकांचे पाहून काही केले असेल, ही शक्यता विद्वानांनी जरा मोकळेपणी धरावी.

बार्बाडोस बेटावर न्यूटन नावाचा उसाचा मळा होता. तिथल्या गुलामांच्या दफनभूमीत १९७०च्या दशकात उत्खनन झाले. एका म्हाताऱ्या पुरुषाच्या सांगाड्याजवळ कवड्यांची आणि कुत्र्याच्या दातांची माळ निघाली, आणि आखूड नळीचा मातीचा एक पाइप निघाला. तो बहुधा आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवर घडलेला. मळ्याच्या वहीत ज्याची किंमत लावली जात होती, त्याला त्याच्या माणसांनी मानाने पुरले होते, हे त्या पाइपने सांगितले.

याच्या उलट टोकाची वस्तू म्हणजे १७८७ साली वेजवुडच्या कारखान्यात निघालेले पदक. त्यावर गुडघे टेकून, साखळदंडात हात जोडलेला गुलाम आहे. गुलामीविरोधी सद्गृहस्थांनी हे पदक सोन्यात मढवून तपकिरीच्या डब्यांवर बसवून घेतले. हेतू चांगला होता, चळवळीला त्याने बळही मिळाले. पण डबीतली तपकीर आली कुठून, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे जोहार घालणारा वाकलेला महार सवर्ण सहृदयतेला जसा मानवला, तसाच हा गुडघे टेकलेला गुलाम. उभा राहिलेला कोणाच्या डबीवर बसवला गेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा त्यांना केवळ दया अभिप्रेत नव्हती. आपल्या शूद्रातिशूद्रांनी उठून उभे राहण्याचा तो प्रश्न होता.

आता मुख्य गोष्ट. मेरीलँडमधल्या बेलव्हॉर येथे गुलामांच्या राहत्या जागेत पाइपच्या नळीचा सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा तुकडा सापडला. नळीची माती सच्छिद्र असते, ओठांची लाळ तिच्यात मुरते. त्या लाळेतून शास्त्रज्ञांनी आनुवंशिक द्रव्य वेगळे केले आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाइप ओढणारी एक स्त्री होती, आणि तिचे सर्वांत जवळचे नाते आजच्या सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांशी जुळते. तिचे नाव आपल्याला मिळत नाही, पण तिचा मुलूख मिळाला, आणि तो तिच्या उष्ट्यातून मिळाला.

‘उष्टे’ हा शब्द आपल्याला शिकवण्याची गरज नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकी धरण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नोंदवले आहे. जातीबाहेर टाकणे म्हणजे हुक्कापाणी बंद, ही म्हण सवर्णांच्या आपसातली. ज्यांचा हुक्का कधी चालूच नव्हता त्यांचे काय बंद करणार? गावचा म्हातारा आमच्या आज्याच्या ओंजळीत तंबाखू वरून टाकायचा. चिलीम हाताला हात लागेल म्हणून दिली जात नसे. तीही मातीचीच, त्याच कुंभाराने घडवलेली.

माझ्या पाहण्यातल्या एकाही चिलमीवर कारागिराची खूण नाही. भोकाचे गणित तिला लागत नाही, कारण तिला लांब नळीच नसते. शिवाय ओठ मातीला लागत नाहीत. मध्ये छापीचे ओले फडके असते. म्हणजे लाळ मुरली असेल तर त्या चिंधीत, आणि चिंधी कोण जपणार? म्हणून आपल्याकडच्या चिलमीचा इतिहास जिभेवरच शोधावा लागेल. जे विद्यार्थी जुन्या वस्तू गोळा करतात त्यांना मी सांगतो, की वस्तूबरोबर कागद जोडा. कोणाच्या घरातली, कोण ओढत होते, तक्क्यात की मळ्यावर, ती कोणाच्या हातात जाऊ शकत होती आणि कोणाच्या नाही. चिलमीतला खडा काढून टाकू नका. चंची, चकमक, गारगोटी मिळाली तर तीही सोबत ठेवा. आणि बाजारातले संग्राहक पाइप घासून, उकळून चकचकीत करतात तसे करू नका. काजळी आणि किटण जसेच्या तसे राहू द्या, छापी सापडलीच तर ती धुऊ नका.