नारोशंकराची घंटा आणि वसईचे संत

पंचवटीत गेलो की नारोशंकराची घंटा आपण धुळेकर कौतुकाने बघतोच. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. पण वसईची दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही.

गोन्सालो गार्सिया तिथलेच, जन्म 1557 च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानात आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संन्यासी झाले. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 25 जणांसोबत त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. चित्रांत क्रूस आणि भाले असतात ते म्हणूनच. 1862 मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले हे पहिले कॅथलिक संत! किल्ल्यातलं जुनं जेझुइट चर्च आता लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. सणाला भाविक जमतात, प्रार्थना मराठीत होते.

सोसायटीच्या सहलीत वसई घ्या, असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा वॉटर पार्क जिंकलं.