१५ जानेवारी १८२७ : मॉन्टिसेलोचा लिलाव

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो या मळ्यावरच्या वाड्यात या दिवशी लिलाव सुरू झाला. प्रचंड कर्ज मागे ठेवून ते आदल्या जुलैत वारले होते. फर्निचर, धान्य, गुरे आणि १३० गुलाम माणसे. सारे एकाच जाहिरातीत!

वाड्यालगतच्या मलबेरी रो या रस्त्यावर लोहारशाळा, सुतारशाळा, खिळ्यांचा कारखाना आणि गुलामांची खोपटी होती. खिळे घडवायला दहा ते सोळा वर्षांची मुले राबत. लोहार जोसेफ फॉसेटला जेफरसन यांच्या मृत्युपत्राने स्वातंत्र्य मिळाले. पत्नी ईडिथ आणि मुले मात्र वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेली. ईडिथ फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकलेली, वाड्याची मुख्य स्वयंपाकीण.

वाडा टिकून राहिला, खोपटी नाहीशी झाली. त्यांपैकी एक २०१५ मध्ये पुन्हा बांधून पाहण्यास खुले झाले.