गजाची वाद्ये: मध्य आशियाच्या वाटेने, ठाण्याच्या खाडीने

तार गजाने घासून स्वर काढण्याची युक्ती तंतुवाद्यांच्या इतिहासात बरीच उशिरा आली. तार छेडून वाजवण्याची कला काही हजार वर्षांची आहे. गजाचे खात्रीचे पुरावे मात्र इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या मागे फारसे जात नाहीत आणि ते मध्य आशियातले आहेत. गजाला ताणून बांधतात ते घोड्याच्या शेपटीचे केस. त्यामुळे ही कल्पना घोड्यांच्या मुलखात जन्मली असावी, हे पटण्यासारखे आहे. केसांवर राळ घासली की ते तारेला पकडतात आणि सोडतात, पुन्हा पकडतात. ही पकड-सोड एका क्षणात शेकडो वेळा होते आणि स्वर अखंड टिकतो. छेडलेली तार वाजल्याबरोबर विरू लागते. गजाखालची तार हात चालेल तोवर, गळ्यातल्या दमसासासारखी, स्वर धरून ठेवते. ही वाद्ये जिथे जिथे गेली तिथे गाण्याच्या जवळ जाऊन बसली, ती याच गुणामुळे.

मध्य आशियातून गज चारही दिशांना गेला. पूर्वेला त्यातून चीनमधली हुचिन कुळातली वाद्ये आणि मंगोलियाचे घोड्याचे मुंडके कोरलेले मोरिन खूर ही परंपरा उभी राहिली. पश्चिमेला इराणचा कमांचा आणि अरबांचा रबाब आला. रबाब स्पेनमार्गे युरोपात शिरून रेबेक झाला, तर बायझंटाइन साम्राज्यात लिरा वाजू लागली. या सगळ्या घडामोडींचे फळ म्हणजे सोळाव्या शतकात उत्तर इटलीत आकाराला आलेले व्हायोलिन. क्रेमोना गावच्या आंद्रेआ आमातीने त्याला आजचा घाट दिला. दक्षिणेला गज भारतात उतरला. रावणाने रावणहत्ता घडवला आणि तोच व्हायोलिनचा पूर्वज, ही कथा मोठ्या हौसेने सांगितली जाते. राजस्थान-गुजरातचे भोपे करवंटीचे ते वाद्य आजही वाजवतात आणि त्याचा स्वर काळजाला भिडणारा आहे. पण व्हायोलिनच्या वंशावळीत त्याला बसवायला आधार नाही. लोककथेचे मोल लोककथा म्हणूनच मोठे आहे. तिला इतिहासाचे ओझे वाहायला लावू नये.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गजाचा महत्त्वाचा लेखी दाखला देवगिरीचा आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारी असलेल्या शारंगदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातली पिनाकी वीणा स्वतःच धनुष्याच्या आकाराची आहे आणि ती घोड्याच्या केसांच्या दुसऱ्या धनुकलीने वाजवायची आहे. दख्खनच्या पठारावर गज तेव्हा ओळखीचा झाला होता, एवढे यावरून कळते.

दरबाराबाहेर हेच तंत्र किंगरीच्या रूपाने गावोगाव हिंडले. बांबूची दांडी, खाली चामडे मढवलेली अर्धी करवंटी, एक-दोन तारा आणि गजाला बांधलेली घुंगरे: सारे साहित्य गावात मिळणारे. गजाच्या प्रत्येक फेरीबरोबर घुंगरांचा ठेका आपोआप पडतो, म्हणून एकटा माणूस सूर आणि लय दोन्ही सांभाळू शकतो. किंगरीवाले जोगी दारोदार राजा भर्तरी आणि गोपीचंद यांच्या कथा गात. विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूला गोंडांचे भाट असलेले परधान याच जातीचे तीन तारांचे वाद्य वाजवून देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात. तिथे ते करमणुकीचे साधन नाही, पूजेचा भाग आहे. ठाणे-पालघरच्या वारल्यांकडे मात्र गजाचे वाद्य ठळकपणे दिसत नाही. त्यांचा तारपा फुंकून वाजतो आणि घांगळी छेडून. सह्याद्रीच्या खालच्या या पट्ट्यात गज आला तो बाहेरून.

शास्त्रीय गाण्यात गजाचे मुख्य वाद्य सारंगी. ‘आईन-इ-अकबरी’त तिची नोंद आहे: रबाबाहून लहान आणि घिचक या गजाच्या वाद्यासारखी वाजवायची. सारंगी लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरतात, पोटावर बकऱ्याचे कातडे मढवतात आणि त्यावर घोडी बसवतात. मुख्य तारा आतड्याच्या, तीन. त्यांच्याखाली पस्तीसेक तरफा. गज वरच्या तारेवर फिरतो आणि त्या स्वराच्या तरफा न शिवता झंकारतात. डाव्या हाताची बोटे तारेवर दाबायची नसतात. नखाच्या मुळाशी, नख आणि कातडी जुळते तिथे, तार बाजूने टेकवून बोट सरकवायचे असते. बोट घसरावे म्हणून पावडर लावतात, तरी वर्षानुवर्षांच्या रियाजाने तिथे घट्टे पडतात. पडदे नाहीत, खुणा नाहीत. स्वराची जागा केवळ कानाने शोधायची. इतके कष्ट मागणारे वाद्य दुसरे क्वचितच असेल, आणि मींड, मुरकी, गमक इतक्या गायकाच्या जवळ जाऊन दाखवणारेही.

मराठी माणसाने सारंगी मनसोक्त ऐकली ती संगीत नाटकात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि त्यानंतरची काही दशके पदाची साथ म्हणजे सारंगी आणि तबला. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष ही जोडी होती. बालगंधर्वांचा स्वर आणि कादरबक्षांचा गज एकमेकांत मिसळून जात, ही आठवण जुन्या रसिकांनी पुढच्या पिढ्यांना सांगत ठेवली.

सारंगीचा दुसरा वारसा दिसत नाही, ऐकू येतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ सारंगियांच्या घरातले. स्वतः सारंगी वाजवलेले. ते मिरजेला स्थायिक झाले आणि १९३७ साली वारले. एकेक स्वर कुरवाळत, न तोडता पुढे नेणारी त्यांची आलापी सवाई गंधर्व आणि पुढे भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली. त्या आलापीत गजाची अखंड ओढ ऐकू येते. सारंगी गाण्याची नक्कल करते असे नेहमी म्हटले जाते. मराठी मुलखात गाणेही सारंगीकडून शिकले.

एवढे असून सारंगीची पीछेहाट झाली. तिचे वाजवणारे तवायफांच्या आणि कलावंतिणींच्या मैफलींत साथ करत, म्हणून पांढरपेशा घरांनी वाद्यालाच डाग लावला. मुलांना सारंगी शिकवणे कुणाला सुचले नाही. त्यातच सोपी, स्वस्त, सुरात आयती लागलेली हार्मोनियम आली आणि नाटकात ऑर्गन आला. वादकांवर झालेला हा अन्याय मोठा होता. ज्यांच्या साथीवर गायकांनी नाव कमावले त्यांची नावेही कुणी धड टिपून ठेवली नाहीत.

गजाची दुसरी वाट समुद्राची, आणि ती ठाण्यावरून जाते. सोळाव्या शतकात वसई-साष्टीबरोबर ठाणे पोर्तुगीजांकडे आले. ठाण्यातल्या आजच्या टेंभी नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्या काळाच्या दोन खुणा उभ्या आहेत: मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि ज्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे तो किल्ला. पोर्तुगीज मिशनऱ्यांनी उपासनेसाठी युरोपीय संगीत आणले. गोव्यात प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून संगीतशाळा असे. तिथे मेस्त्री मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. ठाण्यात पोर्तुगीज सत्ता अठराव्या शतकातच संपली. किल्ल्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. गोव्यात मात्र पोर्तुगीज १९६१ पर्यंत राहिले आणि चर्चच्या शाळांतून व्हायोलिनवादकांच्या पिढ्या बाहेर पडत राहिल्या. मध्य आशियातून निघालेला गज युरोपची फेरी करून असा पुन्हा कोकण किनाऱ्याला लागला.

व्हायोलिनला रागसंगीतात पहिले आसन मिळाले ते दक्षिणेत. बाळुस्वामी दीक्षितर यांनी ते मद्रासेत शिकून कर्नाटक संगीतात आणले. तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांनी पाश्चात्त्य वाद्यांना जागा दिली होती. तिथल्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलू याला १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. वादक मांडी घालून बसू लागला. वाद्याचे डोके पायावर टेकले, बूड खांद्या-छातीशी आले आणि डावा हात वाद्य पेलण्याच्या कामातून सुटला. मग तो तारेवर वरपासून खालपर्यंत मोकळा घसरू शकला, म्हणजे मींड आली. तारा षड्ज-पंचमात लागल्या. वाद्याच्या अंगात एक खिळाही न बदलता ते भारतीय झाले.

ठाण्याला व्हायोलिन दुसऱ्यांदा आले ते मुंबईहून, रेल्वेच्या बाजूने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि पुढच्या शंभर वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवली ही मुंबईच्या नोकरदारांची गावे झाली. मुंबईत तेव्हा दोन प्रवाह होते. गोव्याचे ख्रिस्ती वादक हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि नंतर सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यापैकीच, संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. दुसरीकडे विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय पुढे मुंबईत आले. त्यांचे शिष्य विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे शिकून डी. के. दातार यांनी व्हायोलिनवर गायकी आणली. पेडण्याजवळच्या पार्सेचे श्रीधर पार्सेकर याच पिढ्यांमधले. व्हायोलिनला कुठलाच सामाजिक डाग नव्हता, पेटी काखेत मारून लोकलने जाता येत होते, शिकवणारे मिळत होते. सारंगीला नाकारलेली जागा त्याला मध्यमवर्गीय घरात सहज मिळाली.

आकाशवाणीच्या एका निर्णयाने गजाच्या दोन्ही वाद्यांना आधार दिला. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तिचे पक्के स्वर आपल्या श्रुतींना न्याय देत नाहीत, हा आक्षेप. साथीला सारंगी किंवा व्हायोलिन लागे, त्यामुळे केंद्रांवर सारंगियांना पगारी नोकरी मिळाली. पंडित रामनारायण हे लाहोर आणि दिल्लीच्या केंद्रांवर घडून १९४९ मध्ये मुंबईत आले. साथीदार राहायचे नाही असे ठरवून १९५६ पासून एकल सारंगीवादन करू लागले आणि १९६४ मध्ये तबलावादक भाऊ चतुरलाल यांच्याबरोबर युरोप-अमेरिकेत गेले. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, २०२४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. मुलगी अरुणा आणि नातू हर्ष यांनी सारंगी हाती धरली आहे.

ठाणे-डोंबिवलीच्या बाजूने या कथेतले सर्वांत मोठे नाव गजाननबुवा जोशी यांचे. जन्म १९११, वडील अंतुबुवा औंध संस्थानचे गवई आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. गजाननबुवांनी ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही घराण्यांची तालीम घेतली. व्हायोलिनला मात्र गुरू नव्हता, ते त्यांनी स्वतःच साधले. म्हणूनच त्यांच्या गजात वाद्याची तयारी मिरवत नाही, ख्यालाची मांडणी ऐकू येते: आधी बंदिशीचा मुखडा, मग बढत, मग गळ्यातून निघावी तशी तान. ते आकाशवाणीत राहिले आणि अखेरची वर्षे डोंबिवलीत शिकवत घालवली. मुलगा मधुकर यांनी व्हायोलिन चालवले. इतर अनेक शिष्य गायक झाले, त्यांत उल्हास कशाळकर. नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी याही गातात. १९८७ मध्ये गजाननबुवा गेले.